गोडं पाणी

मी एक द्रावक बोलतोय. नाव विचाराल तर भलतंच अडनिडं आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. कामगार नुसतं ग्लायकॉल म्हणतात आणि सुटतात. साखर पाण्यात विरघळते, तिथे पाण्याचं जे काम, तेच कारखान्यात माझं. जे एकट्या पाण्याला दाद देत नाही, ते माझ्यात मुकाट विरघळतं.

रूप म्हणाल तर काहीच नाही. रंग पाण्याचा, वास जवळजवळ नाहीच. पाण्याहून थोडा जड, तेलासारखा सावकाश ओघळणारा. पाण्यात हवा तेवढा ओता, असा मिसळतो की मागमूस राहत नाही. आणि चव गोड. त्या गोडीनंच घात केला.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात मी निळ्या ड्रमातून आलो. पोटात जाणाऱ्या औषधाशी माझा संबंध नव्हता, असूही नये. खोकल्याच्या औषधात जातो तो ग्लिसरीन. दिसायला माझ्यासारखाच, चवीला गोडच, पण निरुपद्रवी. आम्हा दोघांना शेजारी ठेवायचं नाही, असा दंडक प्रयोगशाळेतल्या हेमालीनं घातला होता. नव्या माणसांपुढे ती दोन बाटल्या ठेवायची आणि ओळखायला लावायची. कुणी चुकलं की हेमाली म्हणायची, डोळ्यांवर विसंबू नका, घनता काढा. मला तिचा राग यायचा. जन्मभर एखाद्याकडे चोरासारखं बघायचं म्हणजे काय! आता वाटतं, अशी एक हेमाली भंगारवाल्याच्या दारात बसवायला हवी होती.

कारण ड्रम रिकामा झाला म्हणून मी संपत नाही. चिकट आहे ना मी. तळाशी, कडेच्या खाचेत तांब्या-दोन तांबे उरतोच. रिकामा ड्रम धुवायचा, भोक पाडायचं आणि मगच बाहेर काढायचा, असा नियम. पण भोकाचा ड्रम कोण घेणार? माझा तसाच मागच्या फाटकानं निघाला आणि बोईसरच्या एका भंगाराच्या दुकानात येऊन पडला. तिथे अंगावरचा कागद ओला करून खरवडला. माझं नाव गेलं.

त्या दुकानात चंद्रकांता आली. शिरगावची मासे विकणारी बाई, आवाज खणखणीत. तिचा पाण्याचा ड्रम तडकला होता. तिच्या आळीतल्या विहिरी मचूळ, नळाला पाणी येईल तेव्हा येईल, म्हणून ड्रमावाचून घर चालत नाही. यात काय होतं, असं तिनं विचारलं. दुकानदार उत्तरेकडचा. त्यानं कधीतरी बोट लावून चव पाहिली असावी.

"मीठे का ड्रम है, मौसी."

तो म्हणाला गोड. तिनं ऐकलं मीठ. मासळी खारवणाऱ्या घरांत मिठाचे ड्रम वर्षानुवर्षं वापरात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तळाची चिकट ओल म्हणजे मिठाला सुटलेलं पाणी, असं तिनं धरलं. घरी आणून एकदा विसळला. सून भाग्यश्री म्हणत होती, साबणानं घासू या. चंद्रकांतानं तिला उडवून लावलं. मिठाला काय धुवायचं, मीठ पोटात जात नाय काय?

मग ड्रम भरला आणि मी त्यात पसरलो. घरात कुणाचं पोट बिघडलं, कुणाचं डोकं जड झालं. गावात तापाची साथ होती, सगळं तिच्यावर गेलं. भाग्यश्रीच्या चार वर्षांच्या तेजलला मात्र खरंच ताप भरला. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून द्या.

उकळून म्हणजे चंद्रकांताच्या लेखी आटवून. पातेलं ठेवायचं आणि पाणी निम्मं होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आजाऱ्याला तिच्या माहेरी असंच पाणी देत आले होते. बाकीचे ड्रमातलं गार पाणी प्यायचे, नातीसाठी हे वेगळं.

आता माझा स्वभाव ऐका. पाणी शंभर अंशांना उकळतं. मला उकळायला दोनशे चाळीसच्या वर आच लागते. पाण्याची वाफ होऊन गेली, मी पातेल्यात तसाच राहिलो. आजी जितका जीव लावून आटवायची, तितका मी दाट होत गेलो. मला ओरडावंसं वाटत होतं. पण द्रवाला कुठला आवाज?

तेजलनं पेला संपवला आणि ओठ चाटले.

"आजी, पानी गोड हाय."

समुद्रकाठी या शब्दाला फार मान. मचूळ नसलेल्या पाण्याला तिथे गोडं पाणीच म्हणतात. शिवाय तापात तोंड कडू होतं. पोरीला पाणी गोड लागतंय म्हणजे तोंडाला चव आली, आता उतार पडणार, असं म्हणत चंद्रकांता हरखली. तिनं आणखी एक पेला भरला. मग पोरगी आपणहून मागू लागली.

ताप उतरला, पण लघवी थांबली. चेहरा सुजला, हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. पालघरला नेईपर्यंत दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली होती. घरात नवीन काय आणलं, असं डॉक्टर खोदून खोदून विचारत राहिले, तेव्हा भाग्यश्रीला ड्रम आठवला. तोवर उशीर झाला होता. तेजल गेली.

पाणी तर सगळेच प्यायले, मग या एवढ्याशा जिवात इतकं विष कसं गेलं, हे डॉक्टरांना कळेना. चंद्रकांता भिंतीला टेकून उभी होती.

"बाकीच्यांना साधंच दिलं. तिला तेवढं आटवून दिलं, डॉक्टर."

भाग्यश्री उठून बाहेर गेली.

आता ड्रमाचं तोंड बांधून, मोहर लावून मला अंगणात ठेवलंय. नमुना तपासायला गेलाय. माझी घनता काढतील, माझं नाव सापडेल, कुणाकुणाला नोटिसाही जातील. पण मला इथून घर दिसतं. चंद्रकांता चुलीजवळ जात नाही. भाग्यश्री तिच्या हातचं काही घेत नाही. आळीतल्या बायका बोलतात, बसतात, आणि चहा ठेवते म्हटलं की घाईनं उठतात.

विष मी होतो, ती नव्हे. हे तिला सांगायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे. कधी शिरगावला आलात, तर त्या घरी थांबा आणि तहान नसली तरी तिच्या हातचं पाणी मागून प्या.