शनिवारचा वळसा

किसनराव आणि माणिकराव हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे धामणगाव बढ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. कारणही तसंच जबरदस्त होतं. माणिकरावांच्या पोराच्या लग्नात मानाची टोपी आणि टॉवेल आधी तालुक्याहून आलेल्या एका पुढाऱ्याला मिळाला, आणि थोरल्या भावाचा नंबर त्याच्यानंतर लागला. किसनराव पंगतीतून उठले, चपला घातल्या आणि वरणभात तसाच टाकून घरी गेले. तोवर गावात ट्रकवाल्यांची एकच युनियन होती. त्या पंगतीनंतर दोन झाल्या. जुनीचे अध्यक्ष किसनराव, नवीचे माणिकराव. जुनीतला ड्रायव्हर चारचौघांत नवीतल्याच्या सलामाला उत्तर देईना, आणि देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याचा जाब द्यावा लागे.

आता खरी गोष्ट सांगायची तर ती अशी, की दर शनिवारी दुपारी हे दोन वैरी एका ताटात जेवायचे.

एका शनिवारी मलकापूरच्या वाटेवर, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडपाशी किसनरावांचा ट्रक पंक्चर झाला होता आणि जॅक घरी राहिला होता. मागून माणिकरावांचा ट्रक आला, थांबला. माणिकरावांनी एक शब्द न बोलता जॅक काढून दिला. चाक बदलून झालं, तर किसनरावांनीही एक शब्द न बोलता शिदोरी सोडली. बोलणं बंद ठेवायचं ठरलं होतं, भाकरी बंद ठेवायची असं कुठं ठरलं होतं? दोन-चार शनिवारांनी बोलणंही सुरू झालं. पिकापाण्याचं, नातवंडांचं, गुडघ्यांचं. टोपीचा विषय मात्र कोणी काढत नसे. शनिवारी किसनराव आपल्या ड्रायव्हरला, गोकुळला, सुट्टी देऊन स्वतः गाडीवर बसत. गोजरबाई त्या दिवशी भाकरी जास्त बांधत आणि ठेचाही वाढवत. शनिवारी आपल्याला भूक जास्त लागते हे बायकोला बरोबर उमगलंय, असा किसनरावांचा समज होता.

आठवड्याचे बाकीचे दिवस किसनराव या एका तासावर काढत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं. धाकट्या भावावर त्यांचा जीव होता. फक्त आधी हात पुढं करायचा तर अध्यक्षपदाचं काय, आणि एवढ्या लोकांना भांडायला लावलं त्यांना काय तोंड दाखवायचं? माणिकरावांचंही तेच. म्हणून जिनिंगचं गुपित दोघांनी जिवापाड जपलं होतं. ते फुटलं तर गाव हसणार, दोन्ही युनियनवाले तोंडात शेण घालणार, आणि तो एक तासही हातचा जाणार.

आणि नेमकी तेव्हाच गार्गी आली.

गार्गी बुलडाण्याच्या शरच्चंद्र मास्तरांची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून आलेली, आणि त्यामुळं अख्ख्या गल्लीच्या काळजीचा विषय झालेली. तिला जिल्ह्यातल्या मालवाहतुकीचा ऑनलाइन नकाशा करायचा होता. कोणता ट्रक कुठं आहे, भरलेला की रिकामा, कोणत्या गावी कापसाच्या गाठी पडून आहेत, कुठं सोयाबीनला गाडी मिळत नाही, हे सगळं एका पडद्यावर दिसलं पाहिजे. ट्रक रिकामा परत येतो, हे तिला सहन होत नव्हतं. ट्रक तिचा नव्हता, तरी.

दोन्ही युनियन आल्याशिवाय नकाशा पुरा होणार नव्हता. ती आधी माणिकरावांकडं गेली. ते म्हणाले, "जुनीवाले घेऊन राह्यले का? मंग आमी काऊन मांगं राहू?" ती किसनरावांकडं आली, तर 'जुनीवाले'च्या जागी 'नवीवाले' घालून तेही शब्दाला शब्द तेच बोलले. पोरीचं काम एका दुपारीत झालं.

किसनरावांच्या फोनमध्ये ॲप टाकून देताना ती म्हणाली, "काका, गाडी चालू असली की इथं निळा ठिपका दिसेल. थांबली की लाल."

"हे कोनाले दिसते?"

"सगळ्यांना! तीच तर गंमत आहे."

किसनरावांच्या डोळ्यांपुढं पडदा उभा राहिला. शनिवारी भर दुपारी जिनिंगपाशी दोन लाल ठिपके, एकमेकांना चिकटून. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. गोजरबाईंनी विचारलं तर म्हणाले, वांग्यात मीठ जास्त आहे. वांगं त्या दिवशी केलंच नव्हतं.

शनिवारी त्यांनी अक्कल लढवली. फोन भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि जणू विसरल्यासारखे निघून गेले. जिनिंगपाशी माणिकराव आधीच येऊन सावलीत बसले होते.

"फोन कुठी आहे तुहा?" किसनरावांनी विचारलं.

"घरी विसरलो. तुमचा?"

"म्याही विसरलो."

दोघं एकमेकांकडं बघून असे हसले, की माणिकरावांना ठसका लागला आणि थोरल्यानं धाकट्याच्या पाठीवर थोपटलं. मग दर शनिवारी दोघं नेमानं फोन विसरू लागले.

दोन महिन्यांनी गार्गीनं दोन्ही युनियनची बैठक बोलावली. नकाशा पसंत पडला तर पुढं चालणार, नाहीतर ती पुण्याला परत. जागा मिळाली ती म्हणजे गावातलं मंगल कार्यालय, जिथं टोपी-टॉवेलचं महाभारत झालं होतं तेच. जुनीवाले डावीकडं बसले, नवीवाले उजवीकडं. मधल्या वाटेत कोणी पाय ठेवेना, म्हणून चहावाला भिंतीकडेनं फिरत होता.

पडदा उजळला. ठिपके हलू लागले तसा हॉलमध्ये गलका झाला. "थो पाय मी!" "बे, हा तर तू ढाब्यावर!" गार्गी खूष झाली.

"काही गाड्यांचं मात्र मला कळलं नाही," ती म्हणाली. "किसनकाकांची गाडी शनिवारी दुपारी पिठाच्या गिरणीत जाते. तिथून नळावर. मग शेताच्या बांधावरून, माणसाच्या चालीनं. आणि माणिककाकांची गाडी त्याच वेळी गोठ्यात उभी असते."

सगळा हॉल फुटला. गोजरबाई फोन कमरेला खोचून गावभर फिरल्या होत्या हे किसनरावांच्या आत्ता ध्यानात आलं. लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. गिरणी तर गिरणी. जिनिंगपाशी ठिपका नव्हता. शनिवार वाचला होता.

"आणि आता शेवटची अडचण," गार्गी म्हणाली.

तिनं मलकापूरची वाट मोठी करून दाखवली. जिनिंगवरून जाणारी डांबरी सडक. सोमवारी तिच्यावर जाड निळी रेघ. मंगळवारी तशीच. शुक्रवारी तशीच. मग तिनं शनिवार दुपार लावली. सडक कोरी झाली. एकही गाडी नाही. सगळ्या निळ्या रेघा जिनिंगच्या अलीकडं वळत होत्या, नाल्याकाठच्या खडबडीत बैलगाडीच्या वाटेनं लांबचा वळसा घेत होत्या आणि पार पलीकडं जाऊन पुन्हा सडकेला लागत होत्या. जुनीच्याही, नवीच्याही.

"दर शनिवारी हेच," गार्गी काकुळतीला येऊन म्हणाली. "दोन्हीकडच्या सगळ्या गाड्या. लांब पडतं, डिझेल जास्त जातं, स्प्रिंगचे पाटे तुटतात. चांगली सडक सोडून का जाता तुम्ही? तिथं शनिवारी काय असतं?"

कोणी छताकडं पाहिलं, कोणी चपलेकडं. जुनी आणि नवी युनियन पहिल्यांदाच एकमतानं गप्प बसली होती.

शेवटी मागून गोकुळ उठला. त्याचा चेहरा अगदी सरळ होता.

"मॅडम, त्या जिनिंगपाशी शनिवारी दुपारी दोन भुतं भाकर खाते. गाडीचा आवाज झाला तं बिचकून उठून जाईन, मून आमी वाट सोडतो."

"भुतं?"

"हाव. बुढे भुतं आहे. निवांत जेवू द्या म्हटलं."

कोणी हसलं नाही. किसनराव पडद्याकडं बघत राहिले. आपला ठिपका लपवायला त्यांनी एवढा आटापिटा केला होता, आणि त्यांच्याभोवती सगळ्या गावानं गाड्या वळवून एक मोकळी जागा राखून ठेवली होती. ज्यांना त्यांनी एकमेकांशी भांडायला लावलं होतं, तीच माणसं शनिवारी एका चिखलाच्या वाटेनं एकामागं एक जात होती, दोघा म्हाताऱ्यांना जेवताना दचकायला होऊ नये म्हणून. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"कवापासून बे, गोकुळ?" त्यांनी विचारलं.

"जवापासून भुतं आहे, तवापासून."

उजवीकडं खुर्ची सरकली. माणिकराव उठले, मधल्या मोकळ्या वाटेत पाय ठेवला आणि सरळ डावीकडं आले. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला. त्याला डिझेलचा वास होता आणि एका कोपऱ्यात ग्रीसचा डाग. तो त्यांनी सगळ्यांदेखत थोरल्या भावाच्या खांद्यावर घातला आणि पायाला हात लावला.

"दादा, तवाच चुकलं माहं."

किसनरावांनी टॉवेलचा ग्रीस लागलेला कोपरा चाचपला.

"अन् टोपी?" ते म्हणाले.

"टोपी शनिवारी देतो."

आता मात्र हॉल असा हसला, की चहावाल्याची किटली हिंदकळली. त्या गडबडीत नकाशा मंजूर झाला. मत कोणी मोजलं नाही.

पुढच्या शनिवारी किसनराव फोन विसरले नाहीत. सकाळी गोजरबाईंनी शिदोरीऐवजी भाकरीची टोपलीच गाडीत ठेवली.

"येवढ्या कायले वं?"

"इतके दिवस दोघाच्या बांधल्या," गोजरबाई म्हणाल्या. "आता सगळ्याच्या बांधा लागन ना."

दुपारी जिनिंगपाशी ताटं मांडता मांडता किसनरावांच्या खिशातला फोन वाजला. गार्गी होती, आणि घाबरली होती.

"काका, जिनिंगपाशी सगळे ठिपके लाल झालेत! नुसती कोंडी दिसतेय. अपघात झाला का?"

किसनरावांनी सडकेकडं पाहिलं. डांबरीवर दोन्ही बाजूंनी ट्रक लागले होते, मागून अजून येत होते, आणि ड्रायव्हर कांदे हातात घेऊन उतरत होते. डोक्यावरची कोरी टोपी त्यांनी सारखी केली.

"नाई पोरी," ते म्हणाले. "आज वाट मोकळी झाली."