मणियारांच्या ओटीवरचा खांब

मित्रांनो, मी एक जुना सागाचा खांब आहे आणि अजून उभा आहे. यातली दुसरी गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण एका उन्हाळ्यात तिची खात्री कोणालाच नव्हती. खरे सांगायचे तर मलाही नव्हती.

जव्हारच्या बाजारपेठेमागच्या आळीत एक लहानसे कौलारू घर आहे. त्याच्या ओटीवर, अगदी मधोमध, माझा मुक्काम. माझ्या डोक्यावर तुळई, तिच्यावर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले. एवढा संसार डोक्यावर घेऊन मी जागचा हललो नाही, तेव्हा थोडी बढाई मारली तर चालवून घ्या.

माझा जन्म मोखाड्याकडच्या डोंगरातला. मला तोडले, बैलगाडीत घातले आणि जव्हारला आणले, तेव्हा मी रडलो की नाही ते आता आठवत नाही. सुताराने वाकसाने तासून माझी चारही अंगे सारखी केली, रंधा मारला आणि मला एका काळ्या दगडावर उभे केले. या दगडाला तळखडा म्हणतात. खांब जमिनीत पुरला तर ओल लाकडात चढते. तळखड्यावर उभा केला तर ओल दगडापाशीच थांबते आणि खांबाचा पाय कोरडा राहतो. सुतार गेला, पण त्याचे हे शहाणपण माझ्या पायाखाली राहिले.

घर वासिफ मणियारांचे होते. ओटीवरच त्यांचे बांगड्यांचे दुकान. बाजाराच्या दिवशी डोंगरपाड्यांवरून बायका यायच्या, लग्नसराईत तर नुसती झुंबड. वासिफभाई हात दाबून, मुठीची हाडे चेपून बांगडी चढवायचे, आणि ती अडली की बाई दुसऱ्या हाताने मला गच्च धरायची. किती जणींनी मला असे धरले असेल! त्यांच्या तळव्यांनी माझे अंग इतके गुळगुळीत झाले की पॉलिश करणाऱ्यालाही जमले नसते. मला हे दुखणे वाटून घेण्याचे काम फार आवडायचे. बांगडी चढली की बाई हसायची आणि मला सोडून द्यायची.

मग एका पावसाळ्यात ओटीवर पाणी चढले. वासिफभाईंना माझी काळजी लागली. मोरीच्या कामातले सिमेंट उरले होते. त्यांनी माझ्या पायाभोवती तळखड्यासकट एक गोल, वीतभर उंचीचा कट्टा बांधला. सिमेंट ओले होते तोवर त्यात फुटक्या बांगड्यांचे तुकडे बसवले. हिरवे, लाल, मोरपंखी. बांगड्यांच्या माणसाला दुसरी नक्षी कुठली सुचणार? आळीतले लोक बघायला आले. मला तर गगन ठेंगणे झाले. पायात तोडे घातलेला खांब जव्हारमध्ये दुसरा नव्हता.

पुढच्याच वर्षी वासिफभाई गेले. दुकान बंद झाले. त्यांच्या बीबी, जहिदाआपा, घरात एकट्या राहिल्या. ओटीवर कोणी येईना, मला कोणी धरीना. तुळईवरचे एक कौल सरकले होते, तेही कोणी सारखे केले नाही. पावसाचे पाणी त्या जागेतून माझ्या पाठीवरून खाली ओघळायचे आणि लाकूड व सिमेंट यांच्यामधल्या बारीक फटीत उतरायचे. आत गेलेले पाणी बाहेर येत नसे. माझा पाय उन्हाळ्यातही गार लागू लागला. मला आत काय चालले आहे ते कळत नव्हते. मित्रांनो, खांबाला सगळे घर दिसते, पण झाकलेला स्वतःचा पाय दिसत नाही.

जहिदाआपांची मुलगी फिरदौस भिवंडीला असते. ती आईला बोलावू लागली आणि शेवटी आपांनी घर विकायचे ठरवले. त्यांनी भिंतींना चुना काढला, दाराला तेलरंग दिला, अंगण सारवले. घर असे सजले की लग्नघरच वाटावे. माझ्या कट्ट्यावरचे बांगड्यांचे तुकडे त्यांनी ओल्या फडक्याने पुसले. पुसताना त्या बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.

घर घ्यायला आली ती नवशी. आश्रमशाळेत शिकवायची. तिच्या नवऱ्याला, देवानंदला, नवा चुना पाहूनच घर पसंत पडले होते. तो म्हणाला, आता बघायचे काय राहिले? पण नवशीच्या मनात तिचा बाप होता.

बाबल्या पोशेऱ्याचा. भात आणि नागली पिकवणारा जुना शेतकरी. काही वर्षांपूर्वी त्याच्या कुडाच्या घराची मेढ मोडली. मेढ म्हणजे खांबच, आमच्याच नात्यातली. वरून ठाकठीक दिसत होती, आतून वाळवीने पोखरली होती. आढे खाली आले ते बाबल्याच्या पायावर. पाय जुळला, पण वाकडा. त्या दिवसापासून तो कुठल्याही छपराखाली निजत नाही. थंडी असो, धुके असो, अंगणातल्या मांडवात पडतो आणि रात्रभर खोकतो. नवशीला त्याला जव्हारला आणायचे होते, दवाखान्याच्या जवळ, चार भिंतींच्या उबेत. तो तिला एवढेच म्हणाला होता, की घर घे, मी अंगणात निजेन. तिला घर नको होते, मित्रांनो. तिला बाप आत यायला हवा होता.

म्हणून तिने इदरीस मिस्त्रींना बोलावले. जव्हारमध्ये घर एकाकडून दुसऱ्याच्या हाती जायचे असले की इदरीस मिस्त्री ते तपासून देत. जन्म लाकडात गेलेला, पण आता हातात करवतीपेक्षा लाकूड टोचून बघायचा टोचा आणि लाकडी हातोडी जास्त. त्यांचे नियम ठरलेले होते. विकणारा आणि घेणारा दोघे हजर पाहिजेत. मजुरी दोघांनी निम्मी निम्मी द्यायची, म्हणजे मिस्त्री कोणाच्या बाजूचे राहत नाहीत. आणि पाहणी पुरी होईपर्यंत त्या घरचे पाणीसुद्धा घ्यायचे नाही. आपांनी सरबत पुढे केले, तर त्यांनी हात जोडून पेला झाकून ठेवायला सांगितला. आपा जरा रुसल्या.

मिस्त्री आले ते थेट शिडी लावून वर. शहाणा माणूस घर डोक्यापासून तपासतो, कारण पाणी डोक्यावरूनच येते. त्यांनी कौले उचलून रिपा पाहिल्या, वाशांवर हातोडी मारून कान लावला. मग आढ्यावर बादलीभर पाणी ओतायला लावले आणि स्वतः खाली येऊन छताकडे बघत उभे राहिले. सरकलेल्या कौलातून पाणी आले. ते म्हणाले, कौल बसवले की झाले. भिंतीतली भेग पाहिली, तिच्यावर ताजा चुना होता, तो नखाने खरवडला. भेग जुनी होती, वाढत नव्हती. मोरीत पाणी सोडून ते कुठे जाते ते बघत घरामागे गेले. तिथली माती घराकडे उतरत होती, तिचा उतार उलटा करायला सांगितला. विजेची वायर उंदरांनी कुरतडली होती, ती बदलायला सांगितली. चांगले होते तेही सांगितले. जोते भक्कम, तुळई उत्तम. प्रत्येक गोष्ट दोघींना एकाच वेळी, एकाच शब्दांत. देवानंदने विचारले, मग घ्यावे ना? मिस्त्री म्हणाले, घ्या किंवा नका घेऊ, हे माझे काम नाही. घर कसे आहे तेवढे मी सांगतो.

नवशीने बाबल्यालाही बरोबर आणले होते, पण या सगळ्या वेळात तो अंगणात उन्हात बसला होता. ओटीची सावली चार हातांवर होती, पण तो तिच्यात आला नाही.

शेवटी मिस्त्री माझ्याकडे आले. मी अंग ताठ केले. त्यांनी वरपासून हातोडी मारत आणली. ठण, ठण, ठण. मला वाटले, सुटलो. मग ते कट्ट्यापाशी बसले आणि फटीत टोचा घातला. टोचा बाहेर आला तो ओला होता. माझी पाचावर धारण बसली.

मिस्त्रींनी सांगितले, की हा कट्टा फोडून पाय पाहावा लागेल. जहिदाआपा उठून मध्ये उभ्या राहिल्या.

"इदरीसभाई, सब देखो. पण हे नाही. हे त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. ते म्हणाले, घर तुमचे आहे, नको म्हणण्याचा हक्क आहे. पण मग मला सांगावे लागेल की मधल्या खांबाचा पाय मी पाहिला नाही. जे पाहिले नाही ते चांगले आहे असे मी म्हणत नाही आणि वाईट आहे असेही म्हणत नाही.

देवानंद म्हणाला, इतकी वर्षे उभा आहे, आणखी राहील.  नवशी अंगणाकडे बघत होती. तिकडून बाबल्या काठी टेकत उठला. त्याला सगळे ऐकू गेले होते. तो चिडला नव्हता. जशी पावसाची खबर सांगावी तसे त्याने सांगितले,

"ज्याचा पाय दिसत नाय, त्याच्या भरवशावर मी निजाचा नाय. तू घर घे, बाय. मना मांडव बरा."

आणि तो फाटकाकडे निघाला. एक पाय सरळ पडत होता, दुसरा बाहेर फेकला जात होता. आपांनी नवशीला विचारले, की यांना काय झाले. नवशीने मेढ कशी मोडली ते सांगितले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने कट्टा फोडा असे एकदाही म्हटले नाही. मला वाटते, म्हणूनच आपा विरघळल्या. त्या खाली बसल्या, कट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"बाबांना थांबव बेटी. पण मिस्त्री, तुकडे मला द्यायचे. एकही फुटायला नको."

मिस्त्रींनी पटाशी घेतली. एरवी कट्टा चार घावांत उडाला असता, पण त्यांनी कडेकडेने ठोकत एकेक तुकडा सोडवला आणि आपांच्या ओढणीत ठेवला. सगळे तुकडे निघाल्यावरच त्यांनी सिमेंट फोडले. माझ्या पायाला कितीतरी वर्षांनी वारा लागला. त्याबरोबर एक कुबट वासही पसरला. पाय काळा पडला होता.  बाबल्या फाटकातून परत येऊन पायरीपाशी उभा होता, वर मात्र आला नव्हता.

मिस्त्रींनी टोचा लावून दाबला. तो आत गेला. लोण्यात सुरी जावी तसा गेला, मित्रांनो, आणि मला वाटले, संपले. आपण पडणार, आणि तेही वासिफभाईंच्या मायेमुळे. तेवढ्यात टोचा अडला. मिस्त्रींनी जोर लावला. हलेना. त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिले, तिसऱ्या बाजूने पाहिले. बोटाच्या पेरभर आत गेला की टोचा अडायचाच. मग त्यांनी पटाशीने वरचे काळे लाकूड तासले आणि आतून माझा पिवळसर, घट्ट गाभा दिसला. हातोडी मारली. ठण!

"वरचं लाकूड गेलंय. गाभा शाबूत आहे," मिस्त्री म्हणाले. "पाय उघडा ठेवला तर हा खांब तुम्हा सगळ्यांना पुरून उरेल. झाकून राहिला असता तर आणखी थोड्या पावसाळ्यांनी मी हे म्हणालो नसतो."

जीव भांड्यात पडणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. आपा रडू लागल्या. त्यांना वाटले, आपल्या माणसाने घराचे वाईट केले. मिस्त्रींनी ओढणीतल्या तुकड्यांकडे बोट दाखवले आणि म्हणाले, वाईट करणारा माणूस एवढी नक्षी काढत बसतो का? त्यांना लाकडातले ठाऊक नव्हते, एवढेच. मग त्यांनी झाकून ठेवलेला सरबताचा पेला मागितला आणि एका दमात रिकामा केला.

घराचा व्यवहार झाला. कौल बसले, वायर बदलली, मागची माती घरापासून बाहेर उतरती केली. माझा सडका भाग तासून पाय नीट वाळवला आणि त्याला जळके तेल लावले. पायात आता तोडे नाहीत, दगड आणि लाकूड उघडे दिसतात. देखणेपण गेले, पण पाय कोरडा आहे. आपा तुकडे ओढणीत बांधून भिवंडीला गेल्या. जाताना त्यांनी माझ्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवला. मला निरोप देता येत नाही, नाहीतर दिला असता.

बाबल्या आला खरा, पण त्याने अंथरूण अंगणाच्या कडेलाच टाकले. नवशीने आग्रह केला नाही. रोज सकाळी तो ओटीवर यायचा, वाकून माझा पाय बघायचा, नखाने खरवडायचा आणि परत जायचा. मला राग नाही आला. ज्याच्यावर घर पडले आहे, त्याने रोज तपासावे.

आषाढात एका दुपारी शिरपामाळाच्या बाजूने असा वारा सुटला की कौले खडखडू लागली. तुळई करकरली. नवशी शाळेतून भिजत, पळत आली. बाप पावसात अंगणात बसला असेल, या भीतीने तिने फाटकातूनच हाक मारली. उत्तर आले नाही. ती ओटीवर चढली आणि तिथेच थांबली.

बाबल्या माझ्या पायाशी बसला होता. वाकडा पाय पसरलेला, पाठ मला टेकलेली, आणि तोंड उघडे टाकून तो चक्क घोरत होता. नवशीने पिशवी आवाज न करता खाली ठेवली. ओल्या अंगाने ती पायरीवर बसली आणि वारा पडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मी तुळई पेलली, वासे पेलले, किती बायकांच्या मुठी सोसल्या. पण त्या म्हाताऱ्या पाठीचा भार माझ्यावर आला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपण झाडाचे खांब झालो ते बरे झाले.

मित्रांनो, घर घ्या, विका, हवे तसे रंगवा, त्याला हवी ती नक्षी काढा. पण कोणी तपासायला आले तर त्याच्या आड उभे राहू नका. आम्हा खांबांचे पाय अधूनमधून वाकून बघत जा. आमच्या भरवशावर कोणीतरी डोळे मिटलेले असतात.