मीटरमॅनची करंगळी

फोटो काढून घेताना उजव्या हाताची करंगळी वाकडी धरायची सवय मला तीस वर्षांपासून आहे. करंगळी मुळात सरळ आहे. इतकी सरळ, की एरवी तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि तसं पाहिलं तर माझ्याकडेही जात नाही. एरवी मी टोलेडोत वादळाने उडालेली छपरं बघतो, विम्याचे कागद भरतो आणि संध्याकाळी घरी येऊन डब्यातलं सूप गरम करतो. माझी बायको, गेल, मला सोडून गेली त्याला अकरा वर्षं झाली. ती जाताना म्हणाली होती, "ड्वाइट, तुझ्यासोबत राहणं म्हणजे प्रतीक्षालयात राहणं." मला ते तेव्हा वर्णन वाटलं, तक्रार नाही.

पण वर्षातले चार शनिवार-रविवार मी मीटरमॅन असतो.

मीटरमॅन हा एका भयपटातला खुनी; तो सिनेमा न पाहिलेल्यांकडेही त्याचे मोजे असतात. गॅस कंपनीची निळी टोपी, मेणासारखा पांढरा चेहरा, तोंडाच्या जागी काहीच नाही. तो घरोघरी मीटर बघायला येतो आणि जाताना घरातली माणसं कमी करून जातो. सिनेमा पस्तीस वर्षांपूर्वीचा आणि टुकार. पण त्यात अकरा सेकंद असे आहेत: स्वयंपाकघराची खिडकी, बाहेर मावळतं ऊन, आणि मीटरमॅन काचेवर करंगळीने तीनदा वाजवतो. करंगळी वाकडी आहे. हात किंचित थरथरतो आहे. बस्स. या अकरा सेकंदांतून मुखवटे निघाले, कॉफीचे मग निघाले, चादरी निघाल्या, कुत्र्याला घालायचा पोशाख निघाला, ख्रिसमसच्या झाडाला टांगायचा काचेचा मीटरमॅन निघाला आणि वॉफलचा साचा निघाला.

परवाना घेऊन बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर ही करंगळी वाकडी असते. चोरून माल बनवणाऱ्यांच्या हे कधीच लक्षात येत नाही, ते पाचही बोटं नीट काढतात. त्यामुळे चाहते टोपी बघत नाहीत, चेहरा बघत नाहीत. बाहुली हातात घेतली की आधी तिचा उजवा हात उलटून बघतात. करंगळी सरळ निघाली, की "नकली" म्हणतात आणि खाली ठेवतात.

त्या न्यायाने नकली मी. सिनेमात मीटरमॅन मी होतो, पण खिडकीच्या चित्रणाच्या दिवशी मी अंड्याचं सॅलड खाऊन संडासात बसलो होतो, आणि माझ्याऐवजी सूट चढवून काचेवर वाजवलं ते कपडेपटातल्या वर्लीन स्टकीने. ती माझ्याच उंचीची. नऊ वर्षांची असताना तिचं बोट ट्रॅक्टरच्या दारात सापडलं होतं आणि ते गावातल्या गुरांच्या डॉक्टरने बसवलं होतं. त्याने ते गुराच्या मानाने चांगलंच बसवलं होतं.

हे कोणाला माहीत नव्हतं. दिग्दर्शक गेला, कॅमेरावाला गेला. चाहत्यांच्या संमेलनांत सह्या द्यायला मला टेबल मिळालं, टेबलावर माझ्या नावाची पाटी मिळाली, आणि टेबलासमोर रांग. रांगेतली माणसं मला बघून हसायची. खरं सांगतो, माणूस आपल्याला बघून हसतोय याची चटक फार वाईट. त्यांनी पुढे केलेल्या फोटोतली करंगळी बघून मी पहिल्यांदा माझी वाकवली ती निव्वळ सौजन्य म्हणून.

यंदा ऑगस्टमध्ये खेळणी-कंपनीच्या कीगनचा फोन आला. कीगन सत्तावीस वर्षांचा आहे आणि कुठलंही वाक्य आनंदाशिवाय सुरू करत नाही.

"ड्वाइट सर, भारी बातमी! पस्तिसाव्या वर्षाचा पुतळा काढतोय. पूर्ण उंचीचा. अंगणात उभा करायचा. समोरून कोणी गेलं की काच वाजवणार!"

"छान."

"आणि हात तुमचा! साक्षात तुमचा. ऑक्टोबरच्या संमेलनात, स्टेजवर, सगळ्यांसमोर साचा घेणार."

"सगळ्यांसमोर कशाला?"

"म्हणजे कोणी शंका घ्यायला नको ना, सर!"

मी घरी सराव केला. केक फेटायच्या भांड्यात प्लास्टर कालवून, करंगळी वाकडी करून हात बुडवला. तिसऱ्या मिनिटाला करंगळीत पेटका आला. चौथ्या मिनिटाला ती आपली आपण सरळ झाली. हात भांड्यात अडकला तो अडकलाच. शेजाऱ्याला हाक मारावी, तर शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. शेवटी भांडं अंगणात नेऊन पायरीवर आपटलं. बाजूला गॅसचं मीटर होतं. हल्ली ते बघायलाही कोणी येत नाही, ते आकडे स्वतःच कळवतं.

मग मी वर्लीनचा पत्ता शोधला. झेन्सव्हिलच्या पुढे, टोलेडोहून अडीच-तीन तास. फोन न करता गेलो. पस्तीस वर्षांत एकदाही फोन न केलेल्या माणसाने आता करून काय बोलायचं?

तिने दार उघडलं, मला नीट निरखलं आणि म्हणाली, "अंडं पचलं का रे?"

घरात ती, एक म्हातारी मांजर आणि कसलासा रेडिओ. तिने कॉफी केली. कप तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आणला तेव्हा मी तिचे हात पाहिले. संधिवात. सगळी बोटं वाऱ्याने झुकलेल्या कुंपणासारखी एका बाजूला कललेली. फक्त उजवी करंगळी ताठ.

"हिला काय झालं?"

"चार वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं. आत सळई घातलीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, बाकीच्यांचं काही खरं नाही, पण एवढी एक सरळ करून देतो. चांगला पोरगा होता. का रे? तू करंगळी मागायला आलास की काय?"

मी मान खाली घातली.

"अरे देवा, खरंच मागायला आलाय!" ती हसायला लागली. मांजर उठून गेली. "पस्तीस वर्षांनी आलास, तेही बोट मागायला. आधी आला असतास तर दिलं असतं रे."

मी सगळं सांगितलं. स्टेज, साचा, पुतळा, रांग. रांगेशी आल्यावर तिने मला थांबवलं.

"काय विचारतात रे रांगेत?"

"तेच ते. काच वाजवताना मनात काय चाललं होतं. हात का थरथरत होता."

"मग तू काय सांगतोस?"

"एकटेपणा."

"काय?"

"सांगतो, की हा माणूस एकटा आहे, त्याला आत यायचंय, म्हणून हात थरथरतोय. लोकांना आवडतं. एका बाईने त्यावर प्रबंध लिहिलाय."

वर्लीनने कप खाली ठेवला. "मला लघवीला लागली होती. सूटची चेन पाठीवर होती आणि उघडून द्यायला कोणी नव्हतं. दोन तास उभी होते मी त्या खिडकीत. एकटेपणा म्हणे!"

तिच्या खिडकीत मीटरमॅनचा एक रबरी मुखवटा पडला होता, उन्हाने पिवळा पडलेला. औषधांच्या दुकानात हॅलोवीन उलटल्यावर टोपलीत टाकतात तसला. ती म्हणाली, दर वर्षी गावातली पोरं मीटरमॅन होऊन खाऊ मागायला येतात आणि काच मुठीने बडवतात. ती त्यांना सांगते, अरे मुठीने नाही, करंगळीने. पोरं एकमेकांकडे बघतात. एकदा एका आईने तिला हळूच विचारलं होतं, की मावशी, तुमच्याकडे कोणी बघायला येतं ना?

"तुला राग नाही आला कधी? माझा?"

"आला असता तर फोन केला असता." ती खिडकीबाहेर बघत होती. "वाटायचं, आज ना उद्या तूच करशील. नंबर तोच आहे अजून."

निघताना तिने मला दारात थांबवलं. "नाव घ्यायचं तर घे माझं. नाही घेतलंस तरी चालेल, आता सवय आहे. पण पत्ता देऊ नकोस कोणाला. माझे हात बघायला लोक नकोत मला."

संमेलन क्लीव्हलंडच्या विमानतळाशेजारच्या हॉटेलात होतं. शनिवारी दुपारी दोनला स्टेजवर टेबल, टेबलावर बादली, बादलीत दंतवैद्य दातांच्या मापाला वापरतात तो गुलाबी लगदा. तो कालवायचा मान मार्लीसला. मार्लीस दातांच्या दवाखान्यात काम करते, चाहत्यांच्या मंडळाची अध्यक्ष आहे, आणि तिच्या दंडावर गॅसचं मीटर गोंदलेलं आहे. त्यावरचा आकडा सिनेमातल्या मीटरवरचाच.

"सहा मिनिटं हलायचं नाही हं, ड्वाइट," तिने तंबी दिली. "लहान मुलंसुद्धा नीट बसतात माझ्याकडे."

मी करंगळी वाकवली आणि हात बुडवला. समोर तीनशे माणसं. त्यांतली निम्मी माझ्याच चेहऱ्याची, म्हणजे बिनतोंडाची. कीगन फोनवर चित्रण करत होता. दोन मिनिटं गेली, तेव्हा मार्लीसला वाटलं की मला कंटाळा येत असेल.

"सांगा ना," ती माइकमध्ये म्हणाली. "त्या खिडकीत उभे होतात तेव्हा मनात काय चाललं होतं?"

हे उत्तर मी एवढ्या वेळा दिलं आहे, की झोपेतही दिलं असतं. तोंड उघडलं. करंगळीत पेटका चढत होता. आणि मला दिसायला लागली ती दोन तास खिडकीत उभी राहिलेली बाई, जिच्या पाठीवरची चेन उघडायला कोणी नव्हतं.

"तिला लघवीला लागली होती," मी म्हणालो.

"कोणाला?"

"वर्लीन स्टकीला. कपडेपटात होती. खिडकीत ती आहे. मी नाही. मी कधीच नव्हतो."

लगद्यात करंगळी सरळ झाली. फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मला वाटलं होतं लोक चिडतील. चिडले असते तर निदान माझ्यावर चिडले असते. ते आनंदाने वेडे झाले. पस्तीस वर्षांनी त्यांना नवीन काहीतरी कळलं होतं. फोन निघाले, चित्रफिती निघाल्या, बोट मोठं करून बघितलं गेलं, खांदे मोजले गेले. "मी म्हणत होतो की नाही, चालणं बाईचं आहे!" असं निदान दहा जण म्हणाले, आणि त्यांच्यापैकी कोणीही यापूर्वी म्हटलेलं नव्हतं. मार्लीसने माझा हात लगद्यातून सोडवला, साच्याच्या भोकात डोकावून बघितलं आणि हळूच म्हणाली, "सरळ." नकली म्हणाली नाही. साचा बादलीत टाकला आणि माझा हात टॉवेलने पुसून दिला, बोटं एकेक करून. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी माझ्यासाठी झाली.

चार वाजेपर्यंत माझ्या टेबलासमोर रांग नव्हती. एक जण आला, त्याला संडास कुठे ते हवं होतं. मग कीगन आला.

"ड्वाइट सर, भन्नाट झालं! आता फक्त त्या बाईंचा नंबर द्या."

"नाही."

"पत्ता?"

"तोही नाही. तिला नकोय."

"सर, खोक्यावर त्यांचं नाव टाकू, फोटो टाकू! पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी त्यांचं टेबल लावू."

"नाव टाका. स्टकी. बाकी काही मिळणार नाही."

कीगनचा चेहरा पहिल्यांदाच आनंदाशिवाय दिसला. साधा, थकलेला होता. "मग हात आम्ही सिनेमातूनच उचलू, कॉम्प्युटरवर. तसा तो आधीच तयार होता म्हणा, साचा नुसता चित्रणापुरता हवा होता." तो घुटमळला. "आणि सर, पुढच्या वर्षीचं टेबल... आयोजक काय म्हणतील..."

"कळलं."

मी पाटी काढून गाडीत ठेवली. ती अजून डिकीतच आहे.

हॅलोवीनच्या संध्याकाळी मी यंदा घरी होतो. एरवी त्या आठवड्यात कुठे ना कुठे टेबल असायचं. त्यामुळे गल्लीत खाऊ किती आणायचा असतो ते मला ठाऊक नव्हतं. दोनशे चॉकलेटं आणली. अंधार पडेपर्यंत नऊ पोरं आली. एक भोपळा, दोन राजकन्या, चार कसली कोण जाणे, एक डायनासोर. आणि एक मीटरमॅन, माझ्या कमरेएवढा, टोपी कानांवर आलेली. मी खिडकीशी जाऊन थांबलो होतो. त्याने काचेला हातही न लावता बेल वाजवली. चॉकलेट घेतलं, मुखवट्याच्या आतून काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही, कारण त्याला तोंड नव्हतं.

सातला फोन केला. नंबर खरंच तोच होता.

"किती आली रे तुझ्याकडे?" वर्लीनने विचारलं.

"नऊ. तुझ्याकडे?"

"माझ्याकडे पाऊस आहे. आईबाप सोडत नाहीत." रेडिओ बारीक झाल्याचं ऐकू आलं. "मीटरमॅन आला का एखादा?"

"एक."

"मग? मुठीने बडवली ना काच?"

"नाही. करंगळीने वाजवली."

"तू शिकवलंस."

"मी कशाला? मी आत होतो. तीनदा वाजवली. आपली आपण."

"सरळ होती की वाकडी?"

"वाकडी."

पलीकडे तिने रेडिओ बंद केला.

"मग माल अस्सल," ती म्हणाली.

फोन कोणीच ठेवला नाही. तिच्याकडचा पाऊस ऐकत मी एक चॉकलेट उघडलं. अजून एकशे नव्वद होती.