तीन नंबरची आठवण

मुंगी त्या सकाळी नाश्त्याला बसली ती नुसती बसायचं म्हणून. समोर टोस्ट होता, त्यावरच्या लोण्यावर ती सुरीने रेघा ओढत होती आणि पोटात मात्र कण गेला नव्हता. वय पस्तीस, प्रोग्रामर म्हणून बारा वर्षांचा अनुभव. पण लहानपणी एका जागी स्वस्थ बसायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव कसं कोण जाणे ऑफिसपर्यंत पोचलं होतं, आणि तिथेही तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे.

"त्या सिस्टरचं आज आहे ना?" बाबांनी चहा ओतता ओतता विचारलं.

"तीन वाजता. काढून टाकतील तिला. आणि ते माझ्या एका वाक्यामुळे."

मुंगीची संस्था आजारी माणसांच्या घरी नर्स पाठवायची. रोज सकाळी सातला प्रत्येक नर्सच्या फोनवर दिवसाची यादी यायची: पेशंट कोण, राहतो कुठे, करायचं काय. पेशंटची माहिती बाहेर फुटायला नको म्हणून दिवस संपला की ती यादी फोनवरून आपोआप पुसली जायची. गेल्या महिन्यात ह्या सिस्टर काही वेळा चुकीच्या घरी गेल्या. पायाला जखम असलेले एक म्हातारे मास्तर लेकीकडे राहायला गेले होते, आणि सिस्टर त्यांच्या जुन्या घराच्या कुलपासमोर बेल वाजवत उभ्या. लागोपाठ दोन दिवस ड्रेसिंग हुकलं, जखम चिघळली, मास्तर हॉस्पिटलात जाऊन आले. आता ते बरे होते, पण लेकीने तक्रार केली होती, आणि कुठल्याही लेकीने ती केली असती.

सिस्टरचं म्हणणं एकच: त्या दिवशी यादीत जुना पत्ता होता, मला वाटलं मास्तर घरी परतले असतील. पण यादी पुसली गेलेली. चौकशीत मुंगीला बोलावलं, तेव्हा तिने स्क्रीनवर मास्तरांचा पत्ता दाखवला. नवा होता, पाच आठवड्यांपूर्वीच बदललेला. वर तिने ठणकावून सांगितलं, "यादी चुकली असती तर रोज चुकली असती. सिस्टर काही दिवस बरोबर गेल्या, काही दिवस चुकल्या. मशीन असं लहरीप्रमाणे वागत नाही." हे वाक्य तेव्हा तिला फार झकास वाटलं होतं.

काल संध्याकाळी सिस्टर तिच्या टेबलापाशी आल्या आणि एक फुगलेली वही समोर ठेवली. "माझ्या फोनची बॅटरी दगा देते, म्हणून यादी रोज वहीत उतरवते मी. चौकशीत म्हणाले, वही काय, मागाहूनही लिहिता येते. तुम्ही तरी वाचा." एवढंच बोलून त्या गेल्या. मुंगीने वाचली. एका पानावर औषधाचा डाग, एका पानावर मधेच शाई संपून पेन बदललेलं, कुठे धावत्या बसमध्ये लिहिल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं. मास्तरांचा पत्ता कधी जुना, कधी नवा. खोटं लिहिणारा माणूस इतका कुटाणा करत नाही. सिस्टर खरं बोलत होत्या, आणि मशीन लहरी कसं झालं हे मुंगीला कळत नव्हतं.

"रोज चुकत नाही म्हणून मशीनची चूक नाही?" बाबा हसले. एकतीस वर्षं पोस्टमन होते ते. "अगं, आमच्याकडे हेच व्हायचं. लोक घरं बदलायचे, ऑफिसात नव्या पत्त्यांचं रजिस्टर असायचं. पण मी कशाला बघतोय? मला सगळी गल्ली तोंडपाठ. टाकलं पत्र जुन्या दारात! मी रजेवर गेलो की बदली माणूस यायचा. त्या बिचाऱ्याला काहीच पाठ नाही, म्हणून तो रजिस्टर उघडायचा. त्याची पत्रं अचूक. लोक म्हणायचे, पोस्टाचं डोकं फिरलंय, एक दिवस बरोबर नि एक दिवस चूक. पोस्ट एकच होतं गं. पोस्टमन दोन होते."

सुरी बशीत खणकन पडली.

"बाबा, आमच्याकडे तीन आहेत!" मुंगी उभी राहिली, बाबांच्या टकलाचा पापा घेतला, टोस्ट तोंडात धरला आणि एक चप्पल पायात, एक हातात अशी जिना उतरली. बाबा दारातून ओरडले, "छत्री!" पण ऐकणार कोण?

तीन म्हणजे तीन वर्कर. पडद्यामागे सतत चालणारे, नर्सच्या याद्या बनवणारे तीन सारखे प्रोग्राम. जो मोकळा असेल तो पुढचं काम उचलायचा. ऑफिसात त्यांचा भारी लाड चालायचा. सर्व्हर सांभाळणारे वस्ताद, साठीला टेकलेले, मिशीवाले आणि आवाजाने अख्खा मजला दणाणून सोडणारे. त्यांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर पाटी लावली होती: 'न थांबता चालू: ४१२ दिवस.' रोज सकाळी आल्या आल्या आकडा पुसून नवा लिहायचा, मगच चहा. त्या आकड्यापायी वर्करना बंद करायचं नाव कोणी काढत नसे. आज मात्र दुपारी दोनला वस्ताद स्वतः तिघांना बंद करून नव्या मशीनवर चढवणार होते, आणि विक्रमाला निरोप म्हणून केकही मागवला होता.

मुंगीने कोणाशी न बोलता वही उघडली आणि जुन्या नोंदी बाहेर काढायला सुरुवात केली. कुठली यादी कुठल्या वर्करने बनवली एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असणारच. होतं. पण महिन्यापूर्वीच्या नोंदी दाबून कोपऱ्यात टाकलेल्या, त्या उलगडता उलगडता बारा वाजून गेले. मग तिने एक कागद घेतला. डावीकडे वहीतला पत्ता, उजवीकडे वर्करचा नंबर.

सोमवार, जुना पत्ता, वर्कर एक. मंगळवार, जुना, वर्कर तीन. बुधवार, नवा, वर्कर दोन.

तिचे कान तापले. गुरुवार, नवा, दोन. शुक्रवार, जुना, तीन. ती भराभर खाली जात राहिली. सव्वीस दिवस, सव्वीस ओळी, आणि एकही ओळ वेगळी निघाली नाही. दोन नंबरने बनवलेली यादी दर वेळी बरोबर, एक आणि तीनची दर वेळी चूक. सिस्टरना वर्करचे नंबर माहीतही नव्हते. मागाहून बसून ही वही कोणाच्या बापाला लिहिता आली नसती. मुंगीने खुर्चीतच अशी उडी मारली की शेजारच्या बाईच्या हातचा डबा सांडता सांडता राहिला.

पण दोन नंबर शहाणा का? तिने आठवून पाहिलं. महिन्यापूर्वी तो एकदा आपोआप कोसळला होता आणि आपोआप उठला होता. वस्तादांनी तो अपघात आकड्यात धरला नाही, दोघे तरी उभे आहेत ना म्हणून. म्हणजे दोन नंबर बाबांच्या बदली माणसासारखा, आधीचं सगळं विसरून नव्याने कामावर आलेला. एक आणि तीन चारशे बारा दिवस सलग कामावर, सगळं तोंडपाठ असलेले.

तिने वर्करचा कोड उघडला. तिथे ती ओळ होती. पेशंटची माहिती एकदा वाचायची आणि आपल्या आठवणीत, म्हणजे कॅशेत, ठेवून द्यायची; पुन्हा मूळ नोंदींच्या तक्त्यात, म्हणजे टेबलात, डोकवायचंच नाही. आधी हे चाललं, कारण पत्ता बदलला की ऑफिसातले लोक जुनी नोंद बंद करून नव्या नंबराने नवी नोंद करायचे. दोन महिन्यांपूर्वी नवी सोय आली, त्याच नोंदीवर पत्ता बदलायची. टेबल बदललं, वर्करच्या आठवणीला पत्ताच नाही. ओळीशेजारी लिहिणाराने मोठ्या हौसेने शेरा मारला होता: 'वेग चौपट!' आणि खाली लिहिणाराचं नाव.

नाव तिचंच होतं. नवी सोयही तिनेच केली होती. वेग वाढवल्याबद्दल मिळालेला निळा मग टेबलावर होता, 'सगळ्यात वेगवान' असं लिहिलेला. तिने तो उचलून खणात टाकला. मिनिटभर तिला भयंकर लाज वाटली, आणि मग घड्याळाकडे लक्ष गेलं. दोन वाजून तीन मिनिटं!

नव्या मशीनवर वर्कर नव्याने सुरू झाले की टेबल नव्याने वाचणार. सगळं आपोआप ठीक होणार. चुकीची आठवण पुसली जाणार, आणि वहीवर विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे तीन वाजता सिस्टर पुन्हा रिकाम्या हाताने उभ्या राहणार.

मुंगी धावली. दोन मजले उतरून सर्व्हरच्या खोलीत घुसली तेव्हा लोक केकभोवती जमले होते आणि वस्ताद एका हातात सुरी, दुसऱ्या हाताचं बोट कीबोर्डवर, असे उभे होते.

"थांबा! बंद करू नका!"

"अगं, चारशे बारा दिवस तू कधी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाहीस, आणि आज निरोपाला रडायला आलीस?"

"किती बंद केलेत?"

"एक नंबर गेला. आता तीन, मग दोन."

"तीनला हात लावू नका, वस्ताद! सिस्टरचा साक्षीदार आहे तो!" तिने धापा टाकत सगळं सांगितलं. कागद दाखवला. वस्तादांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, ओळीवरून बोट फिरवलं, आणि हळूहळू त्यांच्या मिशीखालचं हसू मावळलं. पाटीवरच्या आकड्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"म्हणजे हा आकडा मिरवत होतो मी," ते म्हणाले. "अधूनमधून बंद केले असते तर म्हातारा हॉस्पिटलात गेला नसता."

"ओळ माझी आहे, वस्ताद."

"आणि पाटी माझी." त्यांनी कीबोर्डवरचं बोट उचललं. "चल. पण एक सांगतो, वर मीटिंगमध्ये नुसतं तांत्रिक अडचण म्हण. ओळ कोणाची ते कोण विचारतंय?"

तीन वाजता मोठ्या टेबलाच्या एका टोकाला संचालकबाई होत्या, मधे मास्तरांची लेक, आणि दाराजवळच्या खुर्चीत सिस्टर, मांडीवर पर्स घट्ट धरून. कामावरून काढल्याचा कागद टाइप होऊन तयार होता, फक्त सही बाकी होती. मुंगी आत आली आणि बसलीच नाही.

"मॅडम, दहा मिनिटं द्या. मास्तरांची यादी आत्ता, सगळ्यांसमोर, सिस्टरच्या फोनवर पाठवते. बनवणारे दोघे चालू आहेत. कोण बनवेल ते मी ठरवणार नाही, नाहीतर म्हणाल मीच घडवून आणलं."

संचालकबाईंनी मान हलवली. मुंगीने बटण दाबलं. सिस्टरचा फोन वाजला.

"वाचा," मुंगी म्हणाली.

सिस्टरनी वाचलं. लेकीकडचा पत्ता. बरोबर.

"बरोबरच आहे की," संचालकबाई म्हणाल्या.

"पुन्हा." बटण. फोन. लेकीकडचा पत्ता. मास्तरांची लेक सुस्कारा टाकून खिडकीबाहेर बघू लागली. दोन नंबर, मेल्या, आजच कशाला एवढा तत्पर झालास! मागे उभ्या असलेल्या वस्तादांचा श्वास तिला ऐकू येत होता.

तिसऱ्यांदा बटण. फोन वाजला. सिस्टरनी स्क्रीनकडे पाहिलं आणि वाचलंच नाही. त्या नुसत्या उठल्या, टेबलाला वळसा घालून मास्तरांच्या लेकीपाशी गेल्या आणि फोन तिच्यापुढे धरला.

लेकीने वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्याने. "हे आमचं जुनं घर. कुलूपवालं." ती सिस्टरकडे वळली. "अहो सिस्टर, तुम्ही खरंच सांगत होतात."

"तीन नंबर!" वस्ताद गरजले आणि मग आपण मीटिंगमध्ये आहोत हे आठवून खोकले.

मुंगीला नाचावंसं वाटलं. आनंद इतका दाटला की तिला आपले पाय जमिनीवर आहेत की नाहीत कळेना. संचालकबाईंनी टाइप केलेला कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला. मग विचारलं, "पण हे झालं कसं?"

वस्तादांनी मागून तिच्या खांद्याला हलकेच बोट लावलं. तांत्रिक अडचण. दोनच शब्द, आणि दोन्ही खोटे नव्हते.

"मी केलं," मुंगी म्हणाली. "आठवणीत ठेवायची ओळ माझी, पत्ता बदलायची सोय माझी, आणि 'मशीन लहरीप्रमाणे वागत नाही' हे वाक्यही माझं. तिन्ही ठिकाणी मी पुन्हा तपासून पाहिलं नाही. सिस्टर, मला माफ करा. मास्तरांची माफी मी घरी येऊन मागते."

सिस्टर परत खुर्चीशी गेल्या, पर्स खांद्याला लावली. चार वाजता त्यांना एक पेशंट होता. मुंगीने त्यांची वही दोन्ही हातांनी पुढे केली.

"ओळ आजच बदलते. पत्ता बदलला की आठवण लगेच पुसली जाईल. वही लिहायचा त्रास तुम्हाला आता नाही."

सिस्टरनी वही घेतली, नवं पान उघडलं, उभ्या उभ्याच तारीख घातली, आणि फोनवरून चारच्या पेशंटचा पत्ता उतरवून घेऊ लागल्या. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं.

"लिहीन ना," त्या म्हणाल्या. "आजवर माझ्यासाठी लिहीत होते. आता तुमच्यासाठी लिहीन."