नोंदवहीतला ताप

माप तपासणी कार्यालयाच्या हजेरीवहीत ‘उशिराचे कारण’ असा एक रकाना आहे. तो दोन बोटं रुंद आहे. ज्याने तो आखला त्याला माणसांच्या अडचणींविषयी फारशी माया नसावी. नव्याने लागलेल्या कारकुनाला पहिल्यांदा उशीर झाला, तेव्हा त्याने ‘चौकात गाडी तापली, पाणी उकळून बाहेर आलं’ एवढं सगळं त्यात बसवायचा प्रयत्न केला. ते बसेना, आणि मागे चार जण पेनासाठी ताटकळत उभे. शेवटी त्याने ‘ताप’ एवढंच लिहिलं आणि जागेवर जाऊन बसला.

या कारकुनाला सगळे धाकटा म्हणत. त्याच्या थोरल्या बहिणीचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं. एकदा तिने ऑफिसच्या फाटकातून “धाकट्या, डबा विसरलास!” अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

धाकट्याची मोटरसायकल तापतच राहिली आणि तो ‘ताप’ लिहीतच राहिला. पाच महिन्यांत अकरा वेळा. सहाव्या महिन्यात त्याची नोकरी एक तर कायम व्हायची होती, नाहीतर सुटायची होती. साहेबांनी वही चाळली, चष्मा पुसला, पुन्हा चाळली आणि चिठ्ठी पाठवली: ‘सोमवारी सकाळी दहा वाजता डॉक्टरांसमोर हजर व्हावे. आपल्या तापाची शहानिशा करण्यात येईल.’

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं, तर सरकारी वहीत अकरा वेळा खोटं लिहिल्याचा ठपका. न सांगावं, तर तब्येतीने नालायक. विचार करकरून त्याला एकच वाट दिसली. सोमवारी वेळेवर आणि ठणठणीत जाऊन उभं राहायचं, आणि ताप होता, आता गेला, असं सांगायचं.

“मी बसने जातो,” तो ताईला म्हणाला.

“बसने?” ताईच्या हातातला पाना खाली पडला. “गॅरेजवालीचा भाऊ बसने जाणार? मग मी दुकानाची पाटीच उतरवते की! आण ती गाडी इकडे.”

आता या ताईविषयी सांगायला हवं. इंजिनाशी ती जितक्या हळुवारपणे बोले, तितकी माणसांशी कधी बोलली नाही. नवऱ्याची तर याबद्दल कायमची तक्रार होती. गाडीच्या पुढची रेडिएटरची जाळी तिने उघडी केली आणि तिच्या मागे बसवलेला पंखा बोटाने फिरवून पाहिला.

“हा पंखा कुणी बसवला?”

“तूच. दिवाळखोरीत निघालेल्या त्या दुकानातून आणून.”

“हं,” ताई म्हणाली आणि विषय बदलला. पंखा उलटा फिरत होता. त्याने पुढची हवा जाळीतून आत ओढायची, तर तो आतली गरम हवा पुढे ढकलत होता. गाडी उभी असताना कसंबसं चाले. पण गाडी पळू लागली की समोरून वारा आत यायला बघे, आतून पंख्याचा झोत बाहेर जायला बघे, आणि जाळीच्या दारात दोघं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत अडून राहत. चौकात पोहोचेपर्यंत पाणी उकळे. ताईने दोन वायरींची अदलाबदल केली.

धाकट्याला वाटलं, काम झालं. पण एकदा कामाला हात घातला की ताईला थांबता येत नाही. तिने मोटारीच्या भंगारातून दुप्पट मोठा पंखा काढला. बाजूच्या फटींतून हवा पळू नये म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंख्याभोवती घेर केला. फटी फोमने बुजवल्या. आता प्रश्न उरला, जाळीतून निघालेल्या गरम हवेचा. ती इंजिनावर आदळली तर सगळी मेहनत पाण्यात.

“उष्णता नाहीशी होत नसते रे,” ताई पत्रा वाकवत म्हणाली. “ती इथून उचलायची आणि तिकडे टाकायची.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“मधे मधे बोलू नकोस.”

तिने पत्र्याचं एक रुंद नळकांडं केलं. खाली जागा नव्हती, बाजूला सायलेन्सर होता. म्हणून ते टाकीच्या कडेने वर काढलं आणि जिथे संपलं तिथे सोडून दिलं.

सोमवारी धाकट्याने लग्नातला कोट घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. ताई मागच्या सीटवर बसली, तापमानाच्या सुईवर नजर ठेवायला. पंखा सुरू झाला तेव्हा रस्त्यावरच्या दोन कुत्र्यांनी वाट बदलली. त्या कुप्रसिद्ध चौकात गाडी अकरा मिनिटं उभी राहिली, आणि सुई जागची हलली नाही.

“बघ, बघ!” ताई त्याच्या खांद्यावरून ओरडली. “बर्फ आहे बर्फ!”

“ताई, मला भाजतंय.”

“सुई बघ!”

नळकांडं बरोबर कोटाच्या खालच्या घेरात तोंड खुपसून होतं. इंजिनाची सगळी उष्णता तिथून आत शिरत होती, पोट, छाती असा प्रवास करत होती आणि कॉलरमधून हनुवटीवर बाहेर पडत होती. टेकडीचा चढ चढताना धाकट्याला स्वतःच्या जिभेचा चटका बसला. पण दहाला सात मिनिटं कमी असताना तो ऑफिसात होता. लालबुंद, पण वेळेवर.

डॉक्टरांनी थर्मामीटर तोंडात ठेवला, काढला, झटकला, पुन्हा ठेवला.

“एकशे चार,” ते म्हणाले. “हा माणूस उभा कसा आहे?”

साहेब खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“म्हणजे ताप खरा आहे? अहो डॉक्टर, मला वाटत होतं हा थापा मारतो! माझ्या एकोणीस वर्षांत या रकान्यात कुणी खरं कारण लिहिलेलं नाही. अंगात एकशे चार ताप असून वेळेवर येतो. असा माणूस मला कायम हवा.” त्यांनी तयार ठेवलेला कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

पण एवढं ऐकून घ्यायला धाकटा भानावर होताच कुठे? एकशे चार ऐकल्यावर तो बोलत सुटला होता.

“साहेब, मी ठणठणीत आहे! तापते ती गाडी! मला एकदाही ताप आला नाही, रकाना लहान आहे म्हणून मी तेवढंच लिहिलं! आज पंख्याने गाडीचा ताप पत्र्याच्या नळीतून माझ्या कोटात ढकलला! ताईला विचारा, बाहेरच आहे!”

साहेबांचं पेन कागदावर टेकायच्या आत थांबलं. “म्हणजे अकराही वेळा खोटं?” ते हळूच म्हणाले. “बोलवा त्यांना.”

ताई आत आली ती विजयी चेहऱ्याने. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम तिने आज केलं होतं, आणि अख्ख्या दुनियेत ते कुणालातरी समजावून सांगण्यासाठी तिचा जीव कासावीस झाला होता. अकरा मिनिटं चौकात, आणि सुई जागची हलली नाही.

“तुमचे भाऊ म्हणतात,” साहेब म्हणाले, “ताप यांना नाही, गाडीला येतो. तुम्ही तिच्यावर काही पंखाबिंखा बसवलाय. खरं आहे?”

ताईने तोंड उघडलं. मग तिला टेबलावरचा कागद दिसला, त्यावरचे ‘कायम करण्यात येत आहे’ हे शब्द दिसले, सहीच्या रिकाम्या जागेवर अधांतरी थांबलेलं पेन दिसलं. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो घामाने निथळत, मान हलवून हलवून तिला सांग म्हणत होता.

“कसला पंखा साहेब?” ताई म्हणाली. बोलताना तिचा आवाज जरासा चिरकला. “गाडी जशी कंपनीतून आली तशीच आहे. मी तिला हातसुद्धा लावलेला नाही. हा लहानपणापासून असाच, ताप डोक्यात गेला की गाडीचंच बरळतो.”

साहेबांनी सही केली.