सुई काय म्हणते

"सांगा बघया, माझ्या हातात काय आसा?"

जानकीने चुलीपुढूनच नवऱ्याला विचारलं. सत्यवान मास्तर सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांनी मान वळवली आणि अंदाजाने सांगितलं, "डाव."

"हात रिकामो आसा माझो." जानकी जवळ आली, चुकीच्या काजात घातलेलं बटण तिने काढून नीट लावलं. "आज तरी हेडमास्तरांका सांगून टाका. खंय पडलास-झडलास तर मी काय करू?"

"आज नको गो. किती दिवसांनी ऊन पडलाहा. पोरांका आज सूर्याची वीज दाखवूची आसा."

जानकी चुलीकडे वळली. मिरजेच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला तेव्हा ती सोबत होती. गेलेली नजर परत यायची नाही, असंच तो म्हणाला होता. आता बाहेर उन्हात मास्तरांना माणसांच्या सावल्या दिसत, घरात मात्र सगळं राखेसारखं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांनी दोन वर्षं रेटली. पण मूठ किती दिवस झाकायची? मागच्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत खुंटीला टांगलेल्या कोटाला ते म्हणाले, "या, कधी आलात?" सगळे हसले, मास्तरही थट्टा केल्यासारखे हसले. हेडमास्तर परशुराम सामंत तेवढे हसले नाहीत. काल ते म्हणाले, "परब, उद्या तुमच्या तासाला मागे बसेन म्हणतो."

सामंत वाईट माणूस नव्हता. पण दिसत नाही म्हटल्यावर तो वर्ग काढून घेणार, आणि वर्ग गेला की सत्यवान परब म्हणजे ओसरीवरचं जुनं बाकडं. मास्तरांना त्याची भीती वाटत होती. उगाच कशाला लपवा, सरळ भीती वाटत होती.

जामसंड्याच्या त्या शाळेत एकोणीसशे एकसष्टात विजेचा दिवा नव्हता, आणि मास्तर दरवर्षी दहावीला वीज करून दाखवत. मावसभाऊ गणपत बोटीवर खलाशी. कुणा साहेबाने टाकून दिलेलं, कॅमेऱ्यासाठी उजेड मोजायचं यंत्र त्याने आणून दिलं होतं. त्यातली रुपयाएवढी सेलेनियमची चकती मास्तरांनी काढली, दोन तारा जोडून वीज मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरला लावली. चकतीवर ऊन पडलं की सुई उठायची. पोरं टेबलाखाली वाकून बघायची. "मास्तर, बॅटरी खंय आसा?" मास्तर वर बोट दाखवायचे. "नऊ कोटी मैलांवर."

ऊन यायचं छपरातून. विज्ञानाच्या खोलीला एकच काचेचं कौल होतं. आषाढात उघडीप मिळाली की मधल्या सुट्टीनंतर त्याचा कवडसा टेबलाच्या कोपऱ्यावर उतरायचा. तिथे मास्तरांनी चाकूने खाच पाडून ठेवली होती. नजर गेल्यावर ती खाच अंगठ्याला बरोबर सापडायची.

सुई वाचायचं काम मुलांचं. त्याचा नियम एकच, आणि तो मास्तरांनी पहिल्यापासून पाळला होता. सुई काय म्हणते ते सांगायचं, मास्तरांना काय हवंय ते नाही. पुस्तकातला आकडा ठोकून देणाऱ्याला ते तासभर बाहेर उभं करत.

सुट्टी संपली. सामंत मागच्या बाकावर येऊन बसले, त्यांच्या वहाणांचा आवाज मास्तरांनी ओळखला. अंगठ्याने खाच शोधली, चकती ठेवली, तारा चाचपल्या.

"आनंदी, पुढे ये. सुई कुठे आहे?"

गणपतची मुलगी आनंदी टेबलाशी आली. सुईवर वाकली.

"किती गो?"

"वीस," ती म्हणाली.

"बघा. आता मी उन्हाची वाट अडवतो." मास्तरांनी चकतीवर तळवा धरला. "आता?"

"शून्य."

"आणि आता?" त्यांनी हात काढला.

"वीस."

दरवर्षी इथे पोरांची झुंबड उडायची, "माका बघूक दी" म्हणून ढकलाढकली व्हायची. आज बाकही वाजलं नाही. मास्तरांनी हात टेबलावर टेकला आणि तो तिथेच राहिला. लाकूड गार होतं. त्यांनी बोटं खाचेभोवती फिरवली. सगळीकडे गारच.

यंदा वैशाखात, पावसाआधी, गावातल्या शिवाने शाळेची कौलं उतरवून पुन्हा बसवली होती. काचेचं कौल त्याने दोन ओळी अलीकडे बसवलं. पाणी गळलं नाही म्हणजे झालं, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. कवडसा आता टेबलापासून हातभर लांब, जमिनीवर पडला होता. सगळा वर्ग तो बघत होता. सामंतही बघत होते.

"आनंदी," मास्तर हळू म्हणाले, "सुई खरोखर कुठे आहे?"

मुलगी रडायला लागली. "जागची हलूक नाय, मास्तर."

"मग वीस कशाक म्हटलंस?"

"तुमका काढतीत म्हणान."

म्हणजे हिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, कोण जाणे कधीपासून. फळ्यापाशी हातात खडू आपोआप यायचा, वाटेतलं बाक सरकलेलं असायचं, ते काही नशीब नव्हतं. मास्तरांच्या मनात कळ उठली. या पोरांना आपण एकच गोष्ट धड शिकवली होती, तीच आपल्यापायी मोडली.

"माझ्यासाठी सुईक खोटां पाडलंस गो?" ते म्हणाले. रागाने नव्हे. मग मान वर करून, वर्गातल्या भाषेत, "मुलांनो, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. टेबल उन्हात घ्या."

चार मुलांनी टेबल सरकवलं. मास्तरांनी हात पुढे केला. मनगटावर ऊब आली तशी त्यांनी चकती तिथे ठेवली.

"आता?"

"बावीस," आनंदी नाक पुसत म्हणाली. दोघं-तिघं वाकून बघू लागले.

मास्तरांनी चकतीवर तळवा धरला. हाताची पाठ उन्हात होती, चांगली तापत होती.

"आता किती?"

"शून्य, मास्तर."

"शाबास."

त्यांनी तारा सोडवल्या आणि चकती तिच्या हातात दिली. मागचं बाक वाजलं. सामंत उठून जवळ आले, "परब," एवढंच म्हणाले आणि थांबले.

"येतो मी ऑफिसात," मास्तर म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

वाटेतलं बाक कुणीतरी सवयीने सरकवलं. मास्तर थांबले. "राहू दे रे जागेवर," म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, भिंत चाचपत दाराकडे निघाले.