फिका चहा आत मिळेल

मी एक जुना चहाचा थर्मास आहे. पोट स्टीलचं, खाली एक नळ आणि मुक्काम चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये. नवा होतो तेव्हा काय कौतुक होतं माझं! शिफ्ट सुटली की सगळी रांग आधी माझ्याकडे यायची. आता अंगावर पोचे पडलेत, नळही गळतो. असो.

मित्रांनो, माझ्या पोटात नेहमी गोडच चहा असायचा. फिका हवा असेल तर आतल्या किटलीतून मागून घ्यावा लागे. भर रांगेतून ओरडायचं, "एक फिका!" मग सगळ्या माना वळायच्या आणि कुणीतरी म्हणायचंच, "काय राव, एवढ्यात शुगर?"

काळेवाडीचे युनूसभाई कंपनीत प्रेस मशीनवर कामाला होते. त्यांना खरंच शुगर होती. पायाला जखम झाली होती, ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी साखर बंद केली, बायकोने, रुक्सानाभाभींनी, शपथ घातली. कँटीनच्या भिंतीवर 'साखर टाळा' असा मोठा फलकही होता. पण रांग पुढे सरकली की युनूसभाई एकदा आतल्या दाराकडे बघायचे, एकदा मागच्या माणसांकडे, आणि मुकाट्याने माझा नळ सोडायचे. लोक म्हणत, जिभेवर ताबा नाही. मला फार वाईट वाटे. मी त्यांचा चेहरा बघत होतो ना! गोडाची हाव नव्हती हो त्यांना, लाज वाटत होती.

शेवटी त्यांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

कँटीन चालवणाऱ्या शालनबाई त्यांना दवाखान्यात भेटून आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात फिका चहा ओतला. साखरेचा डबा टेबलाच्या पार टोकाला ठेवला. बंदी कुणालाच नव्हती, ज्याला हवी त्याने तिथवर जाऊन घ्यावी. थोडी कुरकुर झाली. मग कित्येकजण तिथवर जायचा कंटाळा करून फिकाच पिऊ लागले.

युनूसभाई परत आले ते लंगडत. आता लाज धरून चालणार नव्हतं. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात शालनबाई म्हणाल्या, "मागायचं न्हाई आता, भाऊ. नळ सोडा. फिकाच हाय."

त्यांनी पेला भरला, एक घोट घेतला आणि टोकाच्या डब्याकडे बघत राहिले.

"एवढंच करायचं होतं, ताई?"

शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेतही काही हाताशी ठेवलेलं असतं आणि काही मागावं लागतं. एखाद्याला नावं ठेवण्याआधी तेवढं बघत जा. आणि डबा हलवायचा असेल तर आजच हलवा. युनूसभाईंची बोटं काही परत यायची नाहीत.